आपली वही, आपले वर्ष



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'रोजनिशीची वही कशी निवडावी आणि तिचा आनंद कसा घ्यावा' असे सांगितले. ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. वसंत ऋतूतल्या व्याख्यानांत वेदान्त असतो, इतिहास असतो, देशाचे अर्थकारण असते. वहीसारख्या दहा-वीस पानांच्या, नाही तर फार तर चारशे पानांच्या वस्तूवर तास-दीड तास बोलायचे काय, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आम्ही येथे उभे आहोत.

प्रथम एक कबुली देतो. दर जानेवारीत आमच्या घरी निदान तीन रोजनिशा येतात. एक बँकेची, एक खत-बियाण्यांच्या दुकानाची, एक कोणा नातेवाइकाने विम्याच्या धंद्यातून आणलेली. कव्हर चकचकीत, कडा सोनेरी, आत पहिल्या वीस पानांत रक्तगट, रेल्वेची अंतरे आणि जगातल्या देशांच्या राजधान्या. संक्रांतीपर्यंत आम्ही तीत नेमाने लिहितो. महाशिवरात्रीच्या सुमारास पाने कोरी राहू लागतात. होळीला ती वही किराणा सामानाच्या यादीसाठी स्वयंपाकघरात जाते. आपल्यापैकी किती जणांची हीच कथा आहे, ते आम्ही विचारत नाही. आपण हसलात त्यातच ते कळले. या अपयशाचा दोष आपण आळसाला देतो. आमचे म्हणणे असे की, निम्मा दोष वहीचा आहे. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा जसा खांद्यावर बसत नाही, तशी दुसऱ्याच्या वर्षाची वही आपल्या दिवसावर बसत नाही.

वर्ष दुसऱ्याचे कसे असते, हे कनेरगाव नाक्याच्या माणसाला तरी समजावून सांगण्याची गरज नसावी. आपल्या गावाच्या नावातच नाका आहे. पलीकडे वाशीम, म्हणजे वऱ्हाड. ते 1853 पासून इंग्रजांच्या कारभारात. अलीकडे हिंगोली, म्हणजे निजामाचा परभणी जिल्हा. आज येथे हिंगोली आणि वाशीम या दोन जिल्ह्यांची, आणि मराठवाडा व विदर्भ यांची शीव आहे. 1948 पर्यंत ती दोन राजवटींची शीव होती. त्या शिवेच्या दोन बाजूंना नाणी निराळी होती. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार, आणि सात हालीला सहा कलदार असा साधारण भाव. नाण्यांची ही गोष्ट जुन्या माणसांकडून पुष्कळांनी ऐकलेली असते. परंतु दोन बाजूंचा काळही निराळा होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात राहिलेली नाही. वाशीमच्या कचेरीत जानेवारी-फेब्रुवारी चाले. हिंगोलीच्या कचेरीत फसली सन चाले, त्याचे महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे इराणी नावांचे, आणि त्याचे वर्ष ऑक्टोबरात उजाडे. 1943 च्या ऑक्टोबरात येथे 1353 फसली सुरू झाले. म्हणजे पाच-सात मैल चालून गेलेला शेतकरी केवळ दुसऱ्या राज्यातच नव्हे, तर दुसऱ्या वर्षात जाऊन पोहोचत असे!

आणि घरात? घरात या दोहोंपैकी एकही वर्ष नव्हते. घरात तिथी होती, नक्षत्र होते, आणि बाजाराचा वार होता.

आमच्या आजोबांची एक हकीकत या ठिकाणी सांगितल्यावाचून आम्हाला पुढे जाता येणार नाही. स्वातंत्र्यापूर्वीची गोष्ट. त्यांनी एका सावकाराकडून बी-भरणासाठी पैसे घेतले होते. पीक हाती आल्यावर त्यांनी मुद्दल फेडले. पुढे दीड वर्षाने सावकाराने वही काढली, तर तीत ती रक्कम व्याजापोटी जमा धरलेली आणि मुद्दल जसेच्या तसे उभे. आजोबा म्हणाले, 'पैसे मी मुद्दलाचे दिले.' विचारण्यात आले, 'केव्हा?' आजोबांचे उत्तर होते, 'पोळ्यानंतरच्या दुसऱ्या बाजारी, पाऊस उघडला होता त्या दिवशी.' समोर तारीख मागत होते. कचेरीत गेले तर तेथे फसली महिना मागत होते. आजोबांना तो दिवस लख्ख आठवत होता. त्या दिवशी आभाळ कसे होते, बैलाच्या पायाला काय झाले होते, हेसुद्धा आठवत होते. परंतु आठवण ही पावती नव्हे. बैलजोडी विकून त्यांनी तेच मुद्दल दुसऱ्यांदा फेडले.

त्यानंतर ते बाजारातून एक लाल कापडाची वही घेऊन आले, आणि मरेपर्यंत वहीवाचून राहिले नाहीत. ती पहिली वही आमच्यापाशी आहे. प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर आधी वार, मग तिथी, मग नक्षत्र, आणि शेवटी कोणाकडून तरी विचारून घेतलेली फसली तारीख. अक्षर कुणब्याचे, जाड आणि वाकडे. व्यवहार दोन ओळींचा. त्या वहीत शोभेचे काहीही नाही. पण तीत लिहिलेला एकही पैसा आजोबांना पुन्हा दोनदा द्यावा लागला नाही.

ही कथा आमच्याच घरची आहे, असे मुळीच नाही. महाराष्ट्रात ती गावोगाव घडली. पुणे जिल्ह्यात सुपे येथे 12 मे 1875 रोजी शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख सावकाराच्या कागदांवर होता. खते, रोखे, वह्या त्यांनी मागून घेतल्या आणि जाळल्या. आपला सारा काळ, आपले सारे देणे-घेणे दुसऱ्याच्या वहीत लिहिले गेले आहे आणि ती वही आपल्याला वाचता येत नाही, या जाणिवेचा तो भडका होता. पुढे 1879 चा शेतकरी कायदा झाला. धनकोने पावती दिली पाहिजे, वर्षाचा हिशेब लिहून दिला पाहिजे, आणि ऋणकोने मागितल्यास त्याच्यापाशी राहील अशा पुस्तकात खाते उतरवून दिले पाहिजे, अशी कलमे त्यात घालावी लागली. कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी होता. नाक्याच्या अलीकडे तो नव्हता. योगायोग असा की, ज्या 1875 साली सुप्याला वह्या जळाल्या, त्याच साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्या रोपट्याच्या फांद्या गावोगाव गेल्या म्हणून आज आम्ही येथे बोलत आहोत. वह्या जाळून प्रश्न सुटत नाही, स्वतःची वही लिहून तो सुटू लागतो. या व्याख्यानाचे सार म्हणाल तर एवढेच आहे.

आता निवडीकडे वळू. पहिला प्रश्न वर्षाचा. छापील तारखांची रोजनिशी ही मूळची व्यापाऱ्याची वस्तू. लंडनच्या जॉन लेट्स नावाच्या कागदविक्रेत्याने 1812 साली तशी रोजनिशी विकावयास काढली, ती व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी. तिचे वर्ष जानेवारीत सुरू होणे स्वाभाविक होते. आपण मात्र विचार करावा की, आपले वर्ष कधी सुरू होते. शाळामास्तरांचे जूनमध्ये. बँकेचे आणि सरकारी जमाखर्चाचे 1 एप्रिलला. महसुलाचे 1 ऑगस्टला. पेढीवाल्याचे दिवाळीच्या पाडव्याला, म्हणून तर लक्ष्मीपूजनाला नव्या चोपड्यांची पूजा होते. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला. आणि शेतकऱ्याचे मृगाला. मराठेशाहीतले कागद पाहिले तर शुहूर सन मृगापासूनच धरलेला आढळतो. राज्यकर्त्यांनाही आपले वर्ष पेरणीशी बांधून घ्यावे लागले होते.

आता हळदीचे पाहा. आपल्या जिल्ह्याचे हे मुख्य पीक. बेणे जूनच्या आसपास जमिनीत जाते आणि कंद फेब्रुवारी-मार्चला निघतो. जानेवारीची रोजनिशी या पिकाचे मधोमध दोन तुकडे करते. बेण्याचा, खताचा, निंदणीचा खर्च जुन्या वहीत. काढणीचा, शिजवणीचा आणि विक्रीचा आकडा नव्या वहीत. जुनी वही तोवर रद्दीत गेलेली असते. मग एकरी काय पडले आणि काय उरले, हे सांगणार कोण? म्हणून आमची पहिली सूचना अशी की, तारखा न छापलेली वही घ्यावी आणि आपले वर्ष आपण लिहावे. खरिपासाठी तर आणखी सोपी युक्ती आहे. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. मृगापासून हस्तापर्यंत पावसाची नऊ नक्षत्रे. प्रत्येक नक्षत्राला समोरासमोरची दोन पाने दिली की, अठरा पानांत सबंध पावसाळा मावतो. पुढल्या साली 'आर्द्रा कशा गेल्या होत्या' असे कोणी विचारले तर बोट ठेवून दाखवता येते.

मात्र एक पथ्य. नक्षत्र आणि तिथी आपल्या मनासाठी. शेजारी इंग्रजी तारीख जगासाठी. आजोबांच्या वेळी कचेरी फसली मागे, आज ती इंग्रजी तारीख मागते. गारपिटीने पीक झोपले तर नुकसान तारखेसह कळवावे लागते. त्या वेळी 'पोळ्यानंतरचा दुसरा बाजार' उपयोगी पडत नाही, हे आमच्या घराने बैलजोडी देऊन शिकून घेतले आहे.

दुसरा प्रश्न दिवसाच्या मापाचा. काही लोकांचा दिवस भेटींनी भरलेला असतो. वकील, डॉक्टर, विमाप्रतिनिधी. त्यांना दिवसाला एक पान हवे, आणि तेही तासांच्या रेघांचे. काहींचा दिवस कामांनी भरलेला असतो, वेळेने नव्हे. शेतकरी, शिंपी, गृहिणी. त्यांना आठवडा एका दृष्टिक्षेपात दिसेल अशी दोन पाने पुरेत. दिवसाला दोन ओळींचे काम असणाऱ्याने दिवसाला एक पान घेतले की, कोरी जागा त्याला रोज दटावू लागते. आमच्या सोनेरी कडांच्या रोजनिशा ज्या पडून राहिल्या, त्या या दटावणीमुळेच. म्हणून वही घेण्यापूर्वी एक आठवडाभर साध्या कागदावर लिहून पाहावे, आणि आपला दिवस किती ओळींचा आहे ते मोजावे. मग दुकानात जावे.

तिसरा प्रश्न आकाराचा. वही कोठे राहणार, यावर तो ठरतो. खिशातली वही छातीशी असते, पण तीत हात आखडतो. मोठी फूलस्केप वही ऐसपैस, पण ती घरी राहते आणि काम बाहेर घडते. ज्याला 'ए-फाइव्ह' म्हणतात तो 148 गुणिले 210 मिलिमीटरचा आकार पिशवीत मावतो आणि मांडीवरही लिहिता येतो. बहुतेकांना तोच मानवतो. एस.टी.त आणि आगगाडीत बसणाऱ्याने कव्हर मात्र जाड पुठ्ठ्याचे पाहावे, कारण तेच त्याचे मेज.

चौथा प्रश्न कागदाचा आणि बांधणीचा, आणि येथे आमच्यासारख्या हौशी माणसाला थोडे थांबावेसे वाटते. कागदाचा कस दर चौरस मीटरच्या वजनावरून सांगतात. शाळेच्या स्वस्त वहीचा कागद साधारण 55-60 ग्रॅमचा असतो; त्यावर बॉलपेन चालते, शाईचे पेन लावले की शाई फुटते आणि मागल्या पानावर उतरते. 80 ग्रॅमच्या पुढे शाईचे पेन सुखाने चालते. दुकानदाराची परवानगी घेऊन शेवटच्या पानावर एक रेघ ओढून पाहावी. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. बांधणी दोऱ्याने शिवलेली पाहावी. नुसत्या डिंकाच्या वहीची पाने उन्हाळ्यात सुटतात, आणि ती उघडी सपाट बसत नाही. जी वही एका हाताने दाबून धरावी लागते, ती माणूस हळूहळू टाळू लागतो.

हा सारा विचार आम्ही नव्याने करीत आहोत असे समजू नका. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिलेला आहे. बोरू, शाई, कागद, बांधणी, सारे त्यात आहे. पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागद कडेने झडला तरी अक्षर जाणार नाही, असे ते सांगतात. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी आपले आपल्यालाच वाचता यायचे नाही, हाही त्यांचाच इशारा. चाळिशी लागलेल्या श्रोत्यांनी वहीच्या रेघांमधले अंतर पाहताना हा इशारा जरूर आठवावा. आणि कागद म्हणाल तर दौलताबादेजवळचे कागजीपुरा आपल्या मराठवाड्यातच आहे. हातकागदाची ती पेठ शतकानुशतके नावाजलेली होती. तो कागद कधी हाती लागला तर बोटांनी चाचपून पाहा. त्यावर लिहिताना माणूस खोटे लिहायला धजणार नाही, असे आम्हाला उगीच वाटते.

वही आणली. आता लिहायचे कसे? यासाठी परदेशी पद्धती शिकविणारी पुस्तके पुष्कळ आहेत. आम्ही आपल्या पेढीवरची कीर्द पुढे ठेवतो. कीर्द लिहिणारा आधी काय लिहितो? आरंभीची शिल्लक. मग दिवसाची जमा, दिवसाचा खर्च, आणि रात्री अखेरची शिल्लक. हीच शिल्लक उद्या सकाळी वर येते. कामांचेही असेच करावे. काल न झालेले काम आज पहिल्या ओळीवर. जे झाले त्यावर काट. रात्री जे उरले ते शिल्लक. आमचा एक नियम आहे: एखादे काम सलग तीन दिवस शिल्लकेत आले तर चौथ्या दिवशी ते करून टाकायचे, नाही तर 'होणार नाही' असे लिहून सन्मानाने खोडायचे. न होणारी कामे पुढे ओढत नेणे म्हणजे बुडीत येणे वर्षानुवर्षे जमेला धरण्यासारखे आहे.

आणि वहीला चाबूक समजू नये. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन मोठे शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी तेरा सद्गुणांची एक लहान वही केली, सात वारांचे सात रकाने आखले, आणि ज्या गुणात चूक होई त्यापुढे ठिपका देऊ लागले. नवा फेरा सुरू करताना जुने ठिपके खरवडावे लागत. शेवटी त्या कागदाला भोके पडली, आणि पुसता येतील अशा हस्तिदंती पट्ट्यांवर तक्ता उतरवावा लागला. त्यांना सर्वांत जड गेला तो गुण म्हणजे व्यवस्थितपणा, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. फ्रँकलिनसाहेबांच्या कागदाला भोके पडली, तर आपली दोन पाने कोरी राहिली म्हणून वही टाकून देण्याचे कारण काय? कोरे पान सोडून पुढच्या पानावर लिहावे. पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दीतून गणेश चिमाजी वाडांनी उतारे निवडले आणि त्यांवरून न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 साली राज्याची रीत कशी होती ते सांगितले. लिहिणाऱ्या कारकुनांना आपण इतिहास लिहीत आहोत याची कल्पनाही नव्हती. ते नुसते त्या दिवशीचे काम त्या दिवशी लिहीत होते.

कोणी म्हणेल, आता मोबाईल आहे, वही कशाला? मोबाईल आम्हीही वापरतो. औषधाची वेळ, गाडीची वेळ तो बरोबर ओरडून सांगतो. ते वहीला जमणार नाही. परंतु फोन बदलला की त्यातले टिपण कोठे गेले, हे मुलाला विचारावे लागते. आजोबांची वही आम्हाला कोणालाही न विचारता उघडता येते.

माताभगिनींना रोजनिशी लिहिण्याचा उपदेश करण्याचे धाडस आम्ही करीत नाही, कारण त्या आधीपासूनच लिहीत आहेत. 1973 साली जयंतराव साळगावकरांचे 'कालनिर्णय' निघाले, आणि घरोघरच्या भिंतीवर तारखेचा चौकोन आला. त्या चौकोनांत दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याचा दिवस, कामवालीची रजा, मुलाचा ताप, सारे असते. त्यापरते उत्तम नियोजन आम्ही पाहिलेले नाही. दुःख एवढेच की, डिसेंबर संपला की तो कागद पुस्तकांना कव्हर म्हणून जातो. बारा महिन्यांचा संसार असा फाडू नये, गुंडाळून ठेवावा. बचत गटांच्या पंचसूत्रीत नियमित हिशेबलेखन हे एक सूत्र आहे. ज्या बाईला कालपर्यंत दुसऱ्याच्या वहीवर अंगठा उठवावा लागत होता, ती आज गटाचे खाते आपल्या अक्षरात लिहिते. सुप्याच्या त्या आगीला याहून चांगले उत्तर कोणते?

राहिला आनंद. तो लिहिण्यात थोडा असतो, मागे वळून वाचण्यात फार असतो. म्हणून रोज कामांच्या खाली एक ओळ बिनकामाची लिहावी. पहिला आंबा कोणी आणला, पावशा कधी ओरडला, कोण पाहुणा आला. आजोबांच्या वहीत उधारी आणि खताच्या ओळींमधून अशी एखादी ओळ डोकावते. एके ठिकाणी लिहिले आहे, 'आज काही काम नाही. ओट्यावर बसलो. बरे वाटले.' तारीख फसली सनाची आहे. तो सन गेला, ते राज्य गेले, हाली रुपया गेला, परभणीचा हिंगोली जिल्हा 1999 साली निराळा झाला. ओट्यावर बसून बरे वाटलेला तो दिवस मात्र आमच्या कपाटात आहे.

गुढीपाडवा होऊन गेला, आता पुढल्या वर्षी पाहू, असे कृपा करून म्हणू नका. मृग अजून यायचा आहे. वही बाजारातून आणा, पहिल्या पानावर आपले नाव घाला, आणि खाली आरंभीची शिल्लक लिहा. कोणाची असली तरी ती काही शून्य नसते.